उधाणाची परवानगी

कुठल्याही शाळा-कॉलेजात मला बोलावलं, की शेवटी आभार मानायला उठलेला माणूस हमखास म्हणतो, "मॅडमचं आयुष्य किती छान. रोज निसर्गात फिरायचं, पक्षी बघायचे, आणि वर पगार." मी हसते, शाल-नारळ घेते आणि घरी येते. मनात मात्र दर वेळी येतं, की ह्या गृहस्थाला हाताला धरून न्यावं आणि जिल्ह्याच्या एखाद्या कचेरीतल्या बाकावर दुपारभर बसवावं. वन्यजीवांच्या अभ्यासात माझी जी वर्षं गेली, त्यातली निम्मी अशा बाकांवर गेली आहेत. कुठल्या कचेरीतल्या बाकाची पट्टी चिमटा काढते आणि कुठला पंखा फक्त शिपायाच्या टेबलापुरता वारा घालतो, हे मला खाडीतल्या पक्ष्यांइतकंच पाठ आहे.

आम्ही पेणचे. घरात सगळे मास्तर. आजोबांची खारेपाटात थोडी जमीन होती, ती कूळकायद्यात कुळांकडे गेली, आणि बरंच झालं, कारण नांगर धरता येईल असा एकही हात आमच्या घरात नव्हता. मीही शाळेत चिकटणार हे पेणच्या भाजीवालीलासुद्धा ठाऊक होतं. मी प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा वडील म्हणाले, "घे. नाहीतरी विज्ञानाला बाई मिळत नाहीत." पुढे मुंबईच्या एका संस्थेत मला खाडीकाठच्या पक्ष्यांवर काम मिळालं आणि संस्थेनं रोह्याला दोन खोल्या भाड्यानं घेऊन त्याला केंद्र असं नाव दिलं. त्या केंद्रात मी एकटी. आई शेजारणीला सांगायची, "रोह्याला नोकरीला आहे. सरकारी नाही, पण पक्की आहे." पक्की कसली? मार्च आला की पुढल्या वर्षी केंद्र राहणार की नाही, ह्या काळजीनं माझी झोप उडायची.

पेणहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत बसायचं, मधेच कासूला उतरायचं आणि खाडीच्या अंगाला चालू लागायचं, असा माझा आठवड्यातला बहुतेक दिवसांचा क्रम. तिकडे एक गाव होतं. नाव सांगत नाही. गावाला नावाचा उपयोग कधी झाला नाही, झाला तो त्रासच.

ज्यांनी खारेपाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. खाडी आणि शेत ह्यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध असतो. बांधाच्या बाहेर चिखल, भरती-ओहोटी आणि तिवरांची झाडं. आत भाताची शेतं, आणि शेतांच्या पोटात गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी बाहेर जावं पण खाडीचं आत येऊ नये म्हणून बांधात झडपांची दारं बसवतात, त्यांना उघाडी म्हणतात. एवढ्या त्या मातीच्या एका रेघेवर सगळं गाव जगतं. पुनवेला आणि अवसेला खाडीला उधाण येतं, पाणी बांधाच्या खांद्याला लागतं. अष्टमीच्या पुढेमागे भरतीचा जोर मरतो, पाणी जेमतेम चढतं. ते दिवस भांगेचे. बांधाचं काम काढायचं ते भांगेला, हे तिकडे शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. मलाही लागलं नाही, कारण माझे पक्षीही त्याच हिशोबानं जेवायचे. ओहोटीला बाहेरच्या चिखलात चरायचे, भरती चढली की थव्यानं उठून आत येऊन शेताच्या बांधांवर एका पायावर उभे राहायचे, आणि पाणी उतरलं की परत कामावर.

माझं मन मात्र त्या तळ्यात अडकलं होतं. पावसाळ्यात तळं कमळाच्या पानांनी भरायचं आणि त्या पानांवर कमळपक्षी चालायचे. लांब शेपटीचा, लांब बोटांचा, पाण्यावर चालल्यासारखा दिसणारा पक्षी. ह्यांच्यात मादी अंडी घालून निघून जाते, दुसरा घरोबा करते. अंडी उबवणं, पिलं वाढवणं, पाऊस आला की पिलांना पंखांखाली उचलून दुसऱ्या पानावर नेणं, सगळं बापाकडे. खारेपाटात गोडं पाणी तितकं साचलेलं आणि तितकं निवांत दुसरं कुठे नव्हतं. बाहेर तिवरं, आत तळं, मधे भात. एवढ्याशा जागेत तीन जगं नांदत होती, आणि त्यातलं एक काढलं तर बाकीची दोन टिकणार नाहीत, हे पटवण्यात माझी उमेद खर्ची पडली.

तळ्याच्या काठावरच एक घर होतं. घरात एक बाई, तिचा मुलगा आणि सून. बाई माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठी. मी त्यांना काकी म्हणायची. त्यांचं शेत बांधाला लागून, आणि ते शेत कधीकाळी माझ्या आजोबांचं होतं, हे त्यांनीच मला पहिल्या दिवशी सांगितलं. त्यात राग नव्हता, ओळख होती. "म्हंजे तू आमच्या खोताची नात," म्हणाल्या, आणि मला पोह्याचे पापड भाजून दिले. आम्ही काही खोत नव्हतो, पण पापड चांगले होते, मी वाद घातला नाही.

त्यांना कमळपक्ष्यांचं भारी कौतुक. नाव त्यांनी पानावरची कोंबडी ठेवलं होतं. त्यांचा मुलगा नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जायचा, रात्रपाळी करून आला की दिवसभर घोरायचा. काकी अंडी उबवणाऱ्या नराकडे बोट दाखवून सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "बघ गो, बाईल गेली निघून नि हा बापडा बसलाय पोरं राखीत. ह्याला नाय वाटतं शिफ्ट." सून आतून भांडी जरा जोरात ठेवायची.

बांध फुटला की काय करायचं, ह्याची गावाची जुनी रीत होती. बांधाला पडलेल्या भगदाडाला खांड म्हणतात. खांड पडली की येत्या भांगेला घरटी एक माणूस बांधावर हजर. ओहोटीला खुंट ठोकायचे, पेंढ्याचे भारे दाबायचे, आणि मग चिखलाचे गोळे हातोहात देत खांड भरत आणायची. बाया-पुरुष एका ओळीत. जो माणूस देणार नाही त्याच्या घरच्या लग्नाला मांडव घालायला गाव जात नसे. एवढा धाक पुरायचा. मी ते काम एकदा डोळ्यांनी पाहिलंय, ओळीत उभी राहिलेय, आणि काकींनी माझ्या हातात गोळा देताना "मास्तरनीचे हात, जरा लहान द्या" अशी थट्टाही केली आहे. संध्याकाळी भरती आली, नव्या मातीला चाटून गेली आणि बांध जागच्या जागी.

मग कांदळवनाचा, म्हणजे ह्या तिवरांच्या रानाचा, कायदा कडक झाला. इथं मला कुणी चुकीचं समजू नये. तो कायदा यावा म्हणून मीही सह्या गोळा करत फिरले होते. तिवरं जाळून, वर राबिट, म्हणजे पाडलेल्या इमारतींचा चुरा, टाकून प्लॉट पाडलेले मी पाहिलेत. कायदा नसता तर आज दाखवायला एक तिवर उरलं नसतं. पण कायदा लिहिणाऱ्यानं खारेपाट पाहिला नव्हता, आणि राबवणाऱ्यानं पाहिला असला तरी तसं कबूल करायची त्याला मुभा नव्हती.

एका वर्षी नारळी पुनवेच्या उधाणात उघाडीच्या शेजारी खांड पडली. लहानशी, गड्याला उडी मारून ओलांडता येईल एवढी. तिच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढी तिवरांची रोपं उगवलेली होती, आणि सगळी गोची तिथं होती. शेजारच्या गावानं आदल्या वर्षी अशीच खांड जुन्या रीतीनं बुजवली होती. माती टाकताना काही रोपं गाडली गेली, कुणीतरी फोटो काढला, आणि बांधावर असलेल्या पुरुषांवर गुन्हे दाखल झाले. ते पेणच्या कोर्टात तारखांना उभे राहत होते. त्यातला एक पोरगा कंपनीत कायम व्हायच्या बेतात होता, त्याचं चारित्र्याचं प्रमाणपत्र अडकलं आणि नोकरी गेली.

देवळात बैठक झाली. मीही होते. मी म्हटलं, "भांग चार दिवसांवर आहे. तुम्ही काम काढा. मी बांधावर उभी राहते. कुणी विचारायला आलं तर मी बोलेन त्यांच्याशी."

माणसं चपलांकडे बघत बसली. शेवटी काकीच बोलल्या. "तू उभी रहाशील गो बाय. पन कोर्टात तारखेला कोन उभा रहाणार? माझा पोरगाच ना?"

मग ठरलं, की रीतसर परवानगी काढायची, आणि ती बाईंनी, म्हणजे मी, काढायची, कारण बाईंना कचेरीत खुर्ची देतात. खुर्ची कसली, बाक.

बांध एका खात्याचा, जमीन दुसऱ्या खात्याच्या दप्तरात आणि झाडं तिसऱ्या खात्याची. पहिल्यानं सांगितलं, झाडांवाल्यांचं ना-हरकत आणा. झाडांवाले म्हणाले, आधी बांध कुणाचा ते ठरू द्या. जमीनवाले म्हणाले, मॅडम, खांडीतून पाणी आत आलंय, तिथं आता रोपं आहेत, तर ती जमीन शेत राहिली आहे का हेच बघावं लागेल. मी म्हटलं, "पाणी आत येऊ नये म्हणून तर खांड बुजवायची आहे." ते म्हणाले, "तुमचं म्हणणं बरोबर आहे." माझं म्हणणं बरोबर आहे हे मी त्या वर्षात इतक्यांदा ऐकलं, की पुढे कुणी तसं म्हटलं तरी मला धडकी भरायची.

आणि आपली माणसं? ती तर आणखीच वरचढ. कचेरीनं माझं मत मागवलं होतं, ते मी स्पष्ट दिलं, की खांड ताबडतोब बुजवावी, त्यात थोडी रोपं जातील, पण आतलं तळं आणि शेतं वाचतील, आणि बाहेरचं तिवरांचं रान आहे तसं राहील. मुंबईहून आमच्या संचालकांचा फोन आला. "आपण कांदळवन गाडायची शिफारस करतोय? आपण? तुम्ही संवर्धनात आहात की शेतीत?" मी म्हटलं, "सर, एकदा येऊन बघा." ते म्हणाले, जरूर. आले नाहीत. पेणमधल्या निसर्गमित्रांच्या मंडळात, जे मंडळ माझ्याच ओटीवर जन्माला आलं, तिथं कुणीतरी म्हणालं की बाई फितूर झाल्या. इकडे गावात काही जण म्हणायला लागले, की ही पक्ष्यांची बाई, हिला खांड राहिलेलीच हवी असणार, पानी आलं की पक्षी येतात. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो मी.

दर पंधरवड्याला भांग यायची आणि जायची. गावानं आतल्या बाजूनं पेंढा कोंबून, फाटकी जाळी लावून कसंबसं पाणी थोपवलं होतं. काकींच्या शेताचा कोपरा तेवढा खारा झाला, तळं अजून वाचलं होतं. गावची पोरं हमरापूरला गणपतींच्या रंगकामाला गेली आणि परत आली, गणपती झाले. भात कापून झालं. होळी झाली. घोंगडं भिजत पडलं होतं. मी आपली कासू, पेण, रोहा आणि जिल्ह्याची कचेरी, अशी फिरत होते. काकी मला दुरून बघूनच ओळखायच्या. माझ्या चालण्यावरूनच कळतं, म्हणायच्या, की आजपन काय नाय.

आणि एके दिवशी परवानगी आली. पावसाळ्याच्या तोंडावर, ज्येष्ठात. मी तो कागद कचेरीच्या जिन्यातच वाचला. अटी सगळ्या रास्त होत्या. काम मशीननं, अधिकाऱ्यांच्या हजेरीत, फोटोसह. पुढे कामाचे दिवस दिले होते. मी बोटांवर तिथी मोजली आणि जिन्यातच बसले. दिवस नेमके अमावास्येला धरून दिले होते, एक आदला, एक नंतरचा.

तशीच परत वर गेले. साहेब भले गृहस्थ होते, दापोलीकडचे. खाडीच्या काठावर वाढलेले. त्यांना उधाण कळत नव्हतं असं मुळीच नाही. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, "साहेब, ही अवस आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. कॅलेंडर बघितलं. "व्हय, अवसच आहे," म्हणाले.

"आठवडाभर पुढे ढकला. भांगेला एका दिवसात काम होईल. मशीनही लागणार नाही."

"मॅडम, तुम्हाला वाटतं मला कळत नाही? पण तारीख वरून आली आहे. बदलायची तर फाईल पुन्हा वर जाणार. आणि कारण काय लिहू? भांगेला काम करणे, असं लिहिलं तर वरचे मला विचारतील, साहेब, ऑफिसात काय घेता?"

ते हसले. मीही हसले, कारण न हसून काय करणार होते? मग म्हणाले, "आता आहे ते पदरात पाडून घ्या. फाईल परत गेली तर पावसाळा जाईल, आणि पावसाळ्यात तो बांध राहणार नाही." हेही त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

गावात सांगितलं तेव्हा पुन्हा चपलांकडे बघणं झालं. सरपंच म्हणाले, करून घेऊया, निदान कागद तरी हाय. काकी म्हणाल्या, "कागद भिजतो गो."

उधाणाच्या दिवसांत आमच्याकडे पाणी सकाळी पार उतरलेलं असतं आणि दुपारी बारा-साडेबाराला भरतं. म्हणून गाव पहाटेपासून बांधावर उभं होतं. सगळ्या घरांतून माणूस आला होता, शिफ्टवाल्यांनी रजा टाकल्या होत्या, जुनी रीत ती. पेंढ्याचे भारे आणून ठेवले होते. पोकलेन आदल्या दिवशीच येऊन उभा होता. ओहोटी लागलेली, खांड उघडी, तळाचा चिखल दिसत होता. ड्रायव्हर केबिनमध्ये बसून बिडी ओढत होता, कारण साहेब लोक आल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही, अशी अट होती.

साहेब लोक येईनात. मी फोन लावत होते. निघालेत. पेणला आहेत. नाश्ता करतायत. पाणी वळलं. आधी खाडीच्या मधल्या पन्हळीत एक रेघ चमकली, मग चिखलावर पसरली, मग खांडीच्या तोंडाशी आली. काकी कमरेला पदर खोचून, रिकामी टोपली घेऊन बांधावर उभ्या होत्या. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की कधी येणार. पाण्याकडे बघत होत्या.

गाड्या आल्या तेव्हा भरती पुरी होत आली होती. फोटोवाला उतरला. पोकलेन सुरू झाला आणि वाहत्या पाण्यात माती ओतायला लागला. ओतलेली माती चहात साखर जावी तशी जात होती. ड्रायव्हर जवळ जायला गेला आणि त्या अवजड धुडाखाली बांधाचा चांगला, पिढ्यान् पिढ्या दाबून बसलेला खांदा मोडला. मी ओरडले, "थांबवा ते." थांबवलं नाही, कारण कामाचे दिवस ठरलेले होते. दुपारी पाणी उतरायला लागलं, तेव्हा टाकलेल्या मातीचा एक ढीग उघडा पडला आणि खांड बुजल्यासारखी दिसली. त्याचा फोटो घेतला. तो फोटो खरा आहे. त्या क्षणी खांड खरोखरच बुजलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला गेलो तर ढीग नव्हता, बांधाचा खांदा नव्हता आणि उघाडीचं एक दार खाडीत तिरकं पडलं होतं. उडी मारून ओलांडायची खांड आता होडीनं ओलांडायची झाली होती. दप्तरी काम पूर्ण झालं होतं, त्यामुळे पुन्हा परवानगी मागायला कारणच उरलं नव्हतं. मी मागितली. तो अर्ज आजही कुठेतरी फिरत असेल.

आषाढात पावसाच्या लोंढ्यानं खारं पाणी बाहेर रेटून धरलं, तळं भरलं, कमळाची पानं आली, कमळपक्षी आले. एक नर अंड्यांवर बसला. काकी आणि मी रोज बघत होतो आणि दोघीही तिथींबद्दल बोलत नव्हतो. श्रावणातल्या उधाणात खाडी तळ्यात शिरली. पानं कडेनं तपकिरी होत गेली, भाजल्यासारखी. मासे वर आले. नर दोनतीन दिवस बसून होता, पान खाली गेलं तेव्हा उडाला. अंड्यांचं काय झालं ते मी बघायला गेले नाही. पक्षी अभ्यासकानं बघायला हवं होतं, नाही बघितलं. त्या वर्षी काकींच्या शेतात भाताची लोंबी धरली नाही. पुढल्या वर्षी त्यांनी पेरलंच नाही.

मग जे व्हायचं ते झालं. खाऱ्या पाण्याबरोबर तिवरांचं बी आलं, शेतात रुजलं, आणि तिवर वाढायला लागलं की कसं वाढतं ते मी कुणाला सांगू? माणसं एकेक करून हलली. काकींचा मुलगा आणि सून नागोठण्याला खोली घेऊन राहिले. गावाच्या वेशीवर पाटी लागली, की हे कांदळवन राखीव आहे, प्रवेश करू नये. नैसर्गिक पुनरुज्जीवनाचं उत्तम उदाहरण म्हणून आमची संस्था तिथं विद्यार्थी आणायला लागली, आणि संचालक, जे तेव्हा आले नव्हते, ते आता गमबूट घालून आले. मला निवृत्तीच्या समारंभात जी चौकट भेट दिली, तिच्यात त्याच जागेचा फोटो आहे, हिरवागार. खाली लिहिलंय की ह्या वनामागे मॅडमचे अथक प्रयत्न आहेत. ती चौकट मी पेणच्या घरी कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे.

गेल्या भाद्रपदात मी पुन्हा गेले. कुणाला घेऊन नाही, एकटीच. काकी अजून तिथंच राहतात. मुलगा बोलावून थकला. घर तेवढं उंचावर आहे, बाकी तिन्ही बाजूंनी तिवरं. उधाणाला पाणी अंगणात येतं, भांगेला उतरतं. चालायला काठी लागते, पण मला पाहून चूल पेटवली.

"आता पक्षी लय असतील तुझे," म्हणाल्या.

"नाहीत काकी. भरतीला बसायला त्यांना शेताचे बांध लागायचे. ते कुठेत आता?"

"मग कोनाला मिळालं गो ह्ये?"

चहा झाला. मग त्या मला हाताला धरून अंगणात घेऊन गेल्या. तुळशीवृंदावनाच्या पायाशी, चिऱ्याच्या फटीत, वीतभर उंचीचं तिवराचं रोप आलं होतं. चार चकचकीत पानं. उधाणाच्या पाण्यानं बी आणून ठेवलेलं.

"मोठं झालं तर वृंदावन फोडंल," काकी हळू आवाजात म्हणाल्या. "उपटू का? तू विचारून सांग."

"कुणाला विचारायचं काकी? तुमचं अंगण आहे. मी सांगते ना, उपटा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत टोचणी नव्हती, तेच मला सहन झालं नाही. "तुझं सांगनं तवा पन होतं गो बाय. तुझं कोन ऐकतं?"

मी वाकले आणि ते रोप धरून ओढलं. बारीकशी मुळं, काही जोर लागला नाही, मातीसकट हातात आलं. उभ्या आयुष्यात मी उपटलेलं ते पहिलं तिवर.

काकींनी झटकन रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणीही नव्हतं, रस्ताच उरला नव्हता. तरी त्यांनी माझ्या हातातलं रोप ओढून घेतलं, पदराखाली धरलं आणि मला दंडाला धरून घरात नेलं. "आत ये आधी," म्हणाल्या. "कोन फोटो काढील."